छोट्या विमानाचा डोंगरातला अपघात: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती चार प्रकारच्या लोकांसाठी आहे: विमान शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, मुक्तिनाथ-केदारनाथला छोट्या विमानाने किंवा हेलिकॉप्टरने जाणारे यात्रेकरू, सह्याद्रीत भटकणारे ट्रेकर, आणि डोंगराच्या पायथ्याला राहणारे गावकरी. ‘छोटं विमान’ म्हणजे इथे ५,७०० किलोपर्यंत वजनाचं विमान. सेस्ना १५२ आणि १७२ ही शिकवणीची विमानं त्यात सहज बसतात, ट्विन ऑटर काठावर बसतं. एटीआरसारखी प्रवासी विमानं यात येत नाहीत.

सोलापूर तर माळावर आहे. डोंगरातल्या अपघाताशी आपला काय संबंध?

होटगी रोडच्या धावपट्टीवरून बघितलं तर डोंगर दिसत नाही हे खरं. इतकी वर्षं आपल्याकडे उड्डाणाच्या आड काय येतं असं विचारलं, की उत्तर एकच असायचं: कारखान्याची चिमणी. ती जून २०२३ मध्ये पाडली. पण उत्तरेला तुळजापूरचा घाट चढला की बालाघाटाच्या रांगा लागतात, पश्चिमेला पुणे ओलांडलं की सह्याद्री, आणि गोव्याकडे निघालं तरी सह्याद्री ओलांडल्याशिवाय कोकण नाही. सपाटीवर शिकलेल्या वैमानिकाला डोंगराची सवय नसते, आणि अडचण तिथेच होते. माळावर उंची चुकली तरी सावरायला वेळ मिळतो. घाटमाथ्यावर तोच वेळ नसतो.

असे अपघात इंजिन बंद पडल्यामुळेच होतात ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यामागचा समज बहुतेक वेळा चुकीचा निघतो. डोंगरातल्या अपघातांत विमान धडधाकट, इंजिन व्यवस्थित, वैमानिकाच्या हातात पूर्ण ताबा आणि तरीही समोर कडा, असं वारंवार घडलं आहे. चौकशी अहवालांत याला ‘नियंत्रित अवस्थेत जमिनीवर आदळणं’ म्हणतात. वैमानिकाला आपण नेमके कुठे आणि किती उंचीवर आहोत हे कळत नसतं, किंवा कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण ७ जुलै १९६२ चं. मुंबईला उतरायला निघालेलं अलितालिया कंपनीचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि विमानातले सर्व ९४ जण गेले. ते छोटं विमान नव्हतं, पण चूक तीच होती. मुंबई वाटली त्यापेक्षा लांब होती आणि खाली यायला फार लवकर सुरुवात झाली.

दुसरं उदाहरण २९ मे २०२२ चं. नेपाळमधल्या पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर सुमारे साडेचौदा हजार फुटांवर आदळलं. २२ जण गेले, त्यांतले चौघे एकाच ठाणेकर कुटुंबातले. डोळ्यांनी बघत करायचं उड्डाण ढगात शिरलं, मार्ग ढळला, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. ती बंद का ठेवतात? अरुंद दऱ्यांमध्ये ती सतत ओरडते, म्हणून. शेजारच्या घरातला कर्कश गजर जसा लोक रोज ऐकतात आणि मग त्याची वायरच काढतात, तसंच हे.

ढगात शिरलं तर एवढं काय होतं? उपकरणं असतातच की.

असतात, पण त्यांच्यावर उडायचं प्रशिक्षण आणि ताजा सराव हवा. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर चाचणी झाली. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या या मंडळींना कृत्रिम ढगात टाकलं. विमानाचा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सगळ्यात कमी वेळ होता २० सेकंद.

कारण कानात आहे. आतल्या कानातला द्रव हळू सुरू झालेलं वळण ओळखत नाही. विमान सावकाश डावीकडे कललं तर शरीर सांगतं, ‘सरळ आहे.’ वैमानिक ते सरळ करायला गेला की शरीर ओरडतं, ‘उजवीकडे कलतोय.’ तो पुन्हा डावीकडे नेतो. कलता कलता नाक खाली जातं, वेग वाढतो, तो घाबरून दांडा मागे ओढतो आणि वळण आणखी घट्ट होतं.

आपल्याकडच्या नियमांत डोळ्यांनी बघून उडायचं तर १०,००० फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून आडवं १,५०० मीटर व उभं १,००० फूट अंतर लागतं. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग कड्याला चिकटून बसतात. पुण्याच्या बाजूने बघणाऱ्याला वर मोकळं दिसतं आणि पुढे खिंडीत भिंत उभी असते. खिंडीतून पलीकडचा प्रदेश स्पष्ट दिसत नसेल तर तिच्यात शिरायचं नाही. ‘पाच मिनिटं पुढे जाऊन बघू’ हे वाक्य कॉकपिटमध्ये आलं, की वळायची वेळ आधीच झालेली असते.

मे महिन्यात विमान ‘जड’ होतं म्हणतात, ते काय?

विमान तेच राहतं, हवा विरळ होते. हिशोब कागदावर करून बघा.

आपल्या धावपट्टीची उंची सुमारे १,५८० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण १२ अंश धरतात. मेच्या दुपारी पारा ४२ वर. फरक ३० अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढल्यासारखी हवा विरळ होते, म्हणजे ३,६०० फूट. त्यात मूळ १,५८० मिळवा: जवळपास ५,२०० फूट. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. होटगी रोडवर उभं असलेलं विमान मेच्या दुपारी जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेत असतं, असं समजा.

टर्बो नसलेल्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त इथेच गेली. धाव लांबते, चढण मंदावते. वेगकाट्यावर जो आकडा दिसतो त्यापेक्षा हवेतला खरा वेग सुमारे ८ टक्के जास्त असतो, त्यामुळे वळायला जागाही जास्त लागते. हीच अवस्था डोंगरात ८,००० फुटांवर नेली की मार्जिन उरतच नाही.

उपाय साधे आहेत आणि कंटाळवाणे आहेत. उड्डाण सकाळी, शक्यतो नऊच्या आत. टाक्या गरजेपुरत्याच भरायच्या (अधिक राखीव साठा, तो कधीच कापायचा नाही). प्रवाशांचं आणि सामानाचं वजन अंदाजाने धरायचं नाही, काट्यावर करायचं. विमानाच्या पुस्तिकेतले चढणीचे आकडे नव्या विमानाचे आणि चाचणी वैमानिकाचे असतात. तीस वर्षांच्या विमानाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

डोंगरातला वारा नेमका काय करतो?

नदीतल्या खडकावरून पाणी जातं तसा वारा धारेवरून जातो. येणाऱ्या बाजूला वर चढतो, पलीकडे खाली कोसळतो आणि त्याखाली भोवरे तयार होतात. खाली कोसळणारा हा प्रवाह मिनिटाला दीड-दोन हजार फुटांचा असू शकतो. सेस्ना १७२ समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे ७३० फूट चढते, दहा हजार फुटांवर त्याच्या निम्मंसुद्धा नाही. पूर्ण ताकद लावूनही विमान खाली जात राहतं, ते यामुळे.

सोलापूर-पुण्याकडून जाणाऱ्यांसाठी यात एक गोची आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. कोकणातून कडा चढून तो देशावर उतरतो. त्यामुळे पूर्वेकडून कड्याकडे जाणारं विमान नेमकं कोसळणाऱ्या वाऱ्याच्या बाजूने, तेही समोरून वारा घेत, पोचतं. जमिनीवरचा वेग कमी, चढण कमी, ढग खाली. तिन्ही अडचणी एकाच जागी.

ठोकताळे असे. धार ओलांडताना किमान १,००० फूट वर, वारा जोराचा असेल तर २,००० फूट. धारेकडे सरळ नव्वद अंशांत न जाता ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे दाब जाणवताच थोडंसं वळून मोकळ्या बाजूला निसटता येतं. शिखरांच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किलोमीटर) वर सांगितला असेल तर छोट्या विमानाने त्या दिवशी डोंगराच्या वाटेला जाऊ नये. आकाशात भिंगाच्या आकाराचे, जागचे न हलणारे ढग दिसले तर वर वाऱ्याच्या लाटा सुरू आहेत हे ओळखायचं.

विक्रमवीर वैमानिक स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून दोन आसनी विमान घेऊन निघाला आणि परतला नाही. अवशेष सापडले ऑक्टोबर २००८ मध्ये, सिएरा नेवाडा पर्वतात. चौकशीचं म्हणणं: खाली दाबणारा वारा विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा मोठा ठरला. जगाला न थांबता फेरी मारलेला माणूस होता तो.

दरीत अडकल्यावर वळून मागे का येता येत नाही?

जागा पुरत नाही म्हणून. १०० नॉट वेगाने ३० अंश कलून पूर्ण उलट वळायला साधारण ९३० मीटर रुंदी लागते. ४५ अंश कललं तर ५४० मीटर. आणखी कलून भागवू म्हणाल, तर ज्या वेगाखाली विमान हवेतून गळून पडतं तो वेग ४५ अंशांत १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. घाबरून दांडा ओढला की विमान तिथेच फिरकी घेतं. वेग ७० नॉटपर्यंत आधीच उतरवला असेल तर ३० अंशांत ४६० मीटर पुरतात. म्हणून दरीत आधी वेग कमी करायचा.

दरीतून मधोमध उडायचं नाही. एका कडेला धरून उडायचं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. आणि दरी खालून वर चढत जाऊ नये. वरून खाली उतरत जावी. जमिनीचा चढ विमानाच्या चढणीपेक्षा जास्त झाला, की पुढे जाणंही नाही आणि वळणंही नाही.

उंचीमापक चुकतो का?

तो हवेचा दाब मोजतो आणि त्याची उंची करून दाखवतो. दाबाचा आकडा तुम्ही बसवायचा असतो. १ हेक्टोपास्कलच्या चुकीला सुमारे ३० फूट. पावसाळ्यात खरा दाब १००३ असताना काटा १०१३ वर राहिला, तर तुम्ही दाखवल्यापेक्षा ३०० फूट खाली आहात. सिंहगडाच्या टॉवरजवळ ३०० फूट म्हणजे पुष्कळ.

इंजिन खरंच बंद पडलं तर डोंगरात उतरायचं कुठे?

आधी वेग धरा. १७२ च्या अलीकडच्या मॉडेलला ६८ नॉट, जुन्यांना ६५ च्या आसपास. या वेगाला विमान एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जातं, म्हणजे जमिनीपासून १,००० फुटांवर असाल तर पावणेतीन किलोमीटरच्या आत जागा निवडायची आहे. मग टाकीची निवड, इंधन-हवेचं मिश्रण, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा), कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा दांडा) तपासा.

कार्ब्युरेटर हीटबद्दल थोडं जास्त. सेस्ना १५२ सारख्या कार्ब्युरेटरच्या विमानात बाहेर २०-२५ अंश तापमान असतानासुद्धा आत बर्फ धरतो, हवा दमट असली की पुरे. पावसाळी मावळात हे हमखास संभवतं. लक्षण म्हणजे थ्रॉटल न हलवता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू घसरणं. हीट पूर्ण ओढली की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आणखी धडधडायला लागतं. शिकाऊ मुलं इथेच घाबरतात आणि हीट परत आत ढकलतात. ढकलू नये. थांबावं, इंजिन सुरळीत होतं.

जागा निवडताना: चढावर उतरा, उतारावर कधीच नाही. झाडीच असेल तर सारख्या उंचीची, दाट फांद्यांची झाडी बरी. खोडांच्या मधून विमानाचं धड जाऊ द्यावं, पंख तुटले तर तुटू द्यावेत, ते तुटताना वेग खातात. वेगाचं गणित निर्दयी आहे: ९० नॉटला आदळण्याची ऊर्जा ५० नॉटच्या तिपटीहून जास्त. ५० नॉटवरून पावणेचार मीटरमध्ये थांबलात तर अंगावर ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट भार येतो. ९० वरून तेवढ्याच भारात थांबायला १२ मीटर लागतात. जमिनीला टेकण्याआधी दार थोडं उघडून फटीत वही किंवा बूट अडकवायचा, कारण सांगाडा वाकला की दार अडकतं. पट्टे हाडावर बसतील इतके आवळायचे. इंधन, मॅग्नेटो आणि शेवटी मास्टर स्विच बंद.

विमानातला बीकन आपोआप सांगतो ना, कुठे पडलो ते?

सांगायला हवं. ईएलटी नावाची ही पेटी शेपटाकडे बसवलेली असते. धक्का बसला की ती ४०६ मेगाहर्ट्झवर दर ५० सेकंदांनी उपग्रहाला छोटा संदेश पाठवते, आणि जवळ आलेल्या शोधपथकासाठी १२१.५ वर सतत सूर सोडते. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव उपग्रह यंत्रणेतून तो संदेश भारतात इस्रोच्या बंगळुरूतल्या केंद्रात पोचतो. जीपीएस जोडलेलं असेल तर जागा सुमारे १०० मीटरमध्ये कळते, नसेल तर काही किलोमीटरमध्ये.

गडबड कुठे होते ते बघा. पेटी शाबूत राहते, पण अँटेना आणि तिची तार तुटते. अँटेनाशिवाय पेटी म्हणजे तोंड बांधलेला माणूस. विमान उलटं पडलं की अँटेना खाली दबते. खोल दरीत आकाशाची फट लहान दिसते. आग लागली तर सगळंच संपतं. जुन्या, फक्त १२१.५ च्या पेट्या तर उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकतच नाहीत.

विमान उडवायला घेण्याआधी चार गोष्टी तपासा: स्विच ‘आर्म’वर आहे का, बॅटरीच्या लेबलवरची तारीख उलटली नाही ना, अँटेनाची तार घट्ट आहे का, आणि पेटीची नोंदणी सध्याच्या मालकाच्या चालू फोन नंबरवर आहे का. चौथी सगळ्यात दुर्लक्षित. नोंदणी असेल तर केंद्र आधी फोन करून विमान खरंच उडत होतं का ते विचारतं. नसेल किंवा नंबर जुन्या मालकाचा असेल, तर तिथेच वेळ जातो.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर जवळ ठेवू का, असंही विचारतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते बाळगता येत नाहीत. परदेशातून आणलेलं उपकरण सामानात सापडलं म्हणून विमानतळावर अटक झालेली आहे.

शोधायला एवढे दिवस का लागतात?

भारतात जवळपास प्रत्येक उड्डाणाचा आराखडा आणि हवाई दलाचा मंजुरी क्रमांक लागतो, म्हणजे विमान कुठून कुठे निघालं ते माहीत असतं. अपेक्षित वेळेनंतर अर्धा तास गेला की पहिला टप्पा सुरू होतो. पण निघालेला मार्ग आणि खरा मार्ग यांत डोंगरात फरक पडतो: ढग चुकवताना वैमानिक कुठल्या दरीत वळला ते कुणालाच ठाऊक नसतं. पांढरं विमान झाडीत किंवा बर्फात वरून दिसत नाही. १९७२ मध्ये अँडीज पर्वतात पडलेल्या उरुग्वेच्या विमानातल्या लोकांनी डोक्यावरून शोधविमानं जाताना पाहिली होती. त्यांतले १६ जण ७२ दिवसांनी सुटले.

आपल्याकडे २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात पडलं, ते सापडायला दुसरी सकाळ उजाडली. ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर तवांगहून निघालं, अवशेष ४ मे रोजी दिसले. मुख्यमंत्र्यांसाठी सगळी यंत्रणा लागते, तरी हे असं.

वाचलो. आता पहिल्या तासात काय?

बाहेर पडा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला, वरच्या अंगाला किमान ५० पावलं जा. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, वास लगेच येतो. १७२ मध्ये ते २०० लिटरपर्यंत असतं आणि उताराने खाली वाहतं. वास असेपर्यंत काडी, विडी, फोनचा चार्जर काही नाही.

मग रक्तस्राव. कापड दाबून धरा, दहा मिनिटं उचलून बघू नका. हात-पायाचं रक्त थांबतच नसेल तर वर पट्टा आवळा आणि वेळ लिहून ठेवा, कपाळावर लिहिली तरी चालेल. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला आग नसेल तर हलवू नका. बेशुद्ध माणसाला आणि पोटाला मार लागलेल्याला पाणी पाजू नका.

नंतर थंडी. सह्याद्रीत बर्फ नसतो म्हणून लोक हे विसरतात. ओल्या कपड्यात, वाऱ्यात १८ अंशांतसुद्धा माणूस गारठून मरतो. आपली सोलापुरी चादर कितीही दणकट असली तरी सुती आहे: कोरडी असेपर्यंत ऊब, भिजली की उलट अंगातली ऊब ओढते. ती पावसात पांघरू नका, अंगाखाली कोरड्या जागी घाला. सीटचा फोम फाडून पाठीखाली घ्या. जमीन अंगातली उष्णता हवेपेक्षा भराभर शोषते.

ईएलटीचा स्विच हाताने ‘ऑन’ करा आणि मग बंद करू नका. फोन एकच चालू ठेवा, बाकीचे बंद. दर तासाला पाच मिनिटं उंचवट्यावर जाऊन बघा. कॉल लागत नाही तिथे एसएमएस निसटतो. ११२ कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवरून लागतो.

तिथेच थांबायचं की खाली चालत जायचं?

थांबायचं. वरून विमान दिसतं, माणूस दिसत नाही. खाली गाव दिसतंय, वाट दिसतेय आणि धडधाकट दोघे जण आहेत, तेव्हाच निघावं. निघताना दिशेचा बाण मागे ठेवावा. सह्याद्रीत नाळ धरून उतरणं मोहात पाडतं आणि ती नाळ बऱ्याचदा धबधब्याच्या टोकाला संपते.

हवेतून वाचायच्या खुणा आंतरराष्ट्रीय आहेत. इंग्रजी ‘व्ही’चा आकार म्हणजे मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. प्रत्येक खूण किमान अडीच मीटर लांब, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची. विमानाने पंख डावे-उजवे हलवले तर त्यांनी पाहिलं आहे. आरसा किंवा सीडी उन्हात अनेक किलोमीटरवरून चमकते. शेकोट्या करायच्या तर तीन, त्रिकोणात.

आम्ही गावकरी किंवा ट्रेकर. अवशेष आधी आम्हालाच दिसले तर?

बहुतेक वेळा गुराखी किंवा लाकडाला गेलेली बाईच आधी पोचते, त्यामुळे हे गावात सांगून ठेवा.

११२ ला फोन करा, आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. फोनच्या नकाशावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते वाचून दाखवा. ‘मोठ्या वडाच्या वर’ हे गावाला कळतं, हेलिकॉप्टरला कळत नाही. पुण्याजवळ सुदुंबऱ्यात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या गिर्यारोहक संस्था कड्यावर उतरण्यात तरबेज आहेत.

जवळ जाताना वरच्या बाजूने जा. विमानाच्या छतावर किंवा मागच्या खिडकीजवळ त्रिकोणी इशाऱ्याचं लेबल दिसलं तर तिथून दूर राहा. सिरससारख्या काही विमानांत संपूर्ण विमानाचं पॅराशूट असतं आणि ते रॉकेटने उडतं. न उडालेलं रॉकेट सुतळीबॉम्ब नव्हे. कार्बन फायबर जळलं असेल तर त्याची धूळ श्वासात घेऊ नका, ओलं फडकं नाकाला बांधा.

जिवंत माणसाला काढणं हे पहिलं काम, त्यासाठी काहीही हलवावं लागलं तर हलवा. दोन कळकांवर चादर गुंडाळून झोळी करता येते, आणि तिथे आपली चादर खरी कामाला येते. पण बाकी काही उचलू नका. एखादा खटका ‘सरळ’ करणंसुद्धा पुरावा पुसणं आहे. मृतांचे फोटो काढून पसरवू नका. घरच्यांना बातमी मोबाइलवरच्या फोटोतून कळलेली आहे, अशी उदाहरणं कमी नाहीत.

छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स असतो का?

बहुधा नसतो. मग तपास करणारे लोखंडालाच बोलतं करतात. पंख्याची पाती इंग्रजी ‘एस’सारखी पिळवटलेली, टोकं पुढे वळलेली आणि पात्यावर आडवे ओरखडे असतील, तर आदळताना इंजिन ताकदीने फिरत होतं. एकच पातं सरळ मागे वाकलेलं आणि दुसरं शाबूत असेल तर ते थांबलेलं होतं. इशाऱ्याच्या दिव्याची तार लांब ताणलेली असेल तर दिवा त्या क्षणी पेटलेला होता, कारण तापलेली तार धक्क्याने ताणते, थंड तार तुटते. वेगकाट्याची सुई आदळताना तबकडीवर आपटून खूण सोडते, तो शेवटचा वेग. झाडांचे शेंडे कोणत्या क्रमाने आणि किती खाली कापले गेले, यावरून उतरणीचा कोन निघतो. काट्यांऐवजी पडदे असलेल्या कॉकपिटचं मेमरी कार्ड, टॅबलेट, प्रवाशांचे फोन, नियंत्रण कक्षाचं ध्वनिमुद्रण हे वेगळंच.

नल्लमलाच्या अपघाताच्या चौकशीत एक तपशील असा निघाला: ट्रान्समिशनच्या तेलाची अडचण आली तेव्हा चालक दलाची सहा मिनिटांहून जास्त वेळ पुस्तिकेतली योग्य सूचना शोधण्यात गेली, आणि त्याच वेळी खराब हवामान जवळ येत होतं.

चौकशी कोण करतं? अहवाल कधी मिळतो?

एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो, अंतिम एका वर्षात, पण बऱ्याचदा लांबतो. पुन्हा असं घडू नये यासाठी ही चौकशी असते. दोष कुणाचा ते ठरवणं तिचं काम नाही, ते पोलीस आणि न्यायालयाचं. घरच्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. अहवाल संकेतस्थळावर येतो, तो आवर्जून वाचा. वर्तमानपत्रातल्या पहिल्या दिवसाच्या बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ असतोच.

मुक्तिनाथ किंवा केदारनाथला जाताना आम्ही काय बघायचं?

मुक्तिनाथसाठी जोमसोमला जायचं तर विमानात सकाळीच बसा. काली गंडकीच्या दरीत उशिरा सकाळी वारा इतका वाढतो की उड्डाणं थांबतात. ‘अकरानंतर नक्की सोडतो’ म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. एव्हरेस्टकडे जाणाऱ्यांच्या लुकलाची धावपट्टी ५२७ मीटर, चढाची, एका टोकाला डोंगर. तिथे उतरणी फसली तर दुसरी संधी नाही. केदारनाथ मंदिर ३,५८३ मीटरवर, पावणेबारा हजार फूट, म्हणजे हेलिकॉप्टर तिथे नेहमीच ताकदीच्या काठावर चालतं. वजन विचारलं तर खरं सांगा, बॅगेसकट.

परतीच्या रेल्वेचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. मधे दोन दिवस मोकळे ठेवा. ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस चुकेल’ म्हणून काउंटरवर आरडाओरडा करणारे प्रवासी वैमानिकावरच दबाव आणत असतात, आणि तो दबाव कॉकपिटपर्यंत पोचतो. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मागा, उड्डाण मागू नका.

विमा मिळतो का?

पॉलिसीतलं हवाई प्रवासाचं कलम वाचा. अपघात विम्यात बऱ्याचदा फक्त नियमित सेवेच्या विमानात भाडं भरून बसलेला प्रवासी धरलेला असतो. शिकाऊ वैमानिक, मित्राच्या विमानातला पाहुणा यांना वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आयुर्विम्याचं तसंच, अर्जात उड्डाणाचं शिक्षण लपवलं असेल तर दावा अडतो.

डोंगरात जुना पत्रा, पंखाचा तुकडा दिसला. कुणाला सांगायचं?

पोलिसांना, आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहून. फॉसेटला शोधताना नेवाडा परिसरात आधी कुणालाच माहीत नसलेले अनेक जुने अवशेष सापडले होते. २४ जानेवारी १९६६ ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलेल्या, होमी भाभा ज्यात होते त्या एअर इंडियाच्या विमानातली टपालाची पिशवी हिमनदीने २०१२ मध्ये बाहेर आणून दिली. तुकड्यावर छोटी पाटी असते, तिच्यावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कोरलेले असतात. तिचा फोटो काढा, पाटी उचकटू नका. तेवढ्या आकड्यांवरून विमान कोणतं ते शोधता येतं.